टेकलेला हात

गुडघा एकदा दुखावला की तो जावयासारखा वागतो. कितीही तेलपाणी करा, कितीही मानपान करा, ऐन कार्याच्या दिवशी तो रुसून बसतोच. इसोनामीचा डावा गुडघा असाच होता. थंडीत आखडायचा, उन्हाळ्यात सुजायचा, आणि मिझुसावा वस्तादांची तालीम जुलैच्या सुमो कुस्त्यांसाठी नागोयाला निघाली की गाडीत बसल्या बसल्याच ठणकायला लागायचा.

तालीम दरवर्षी शहराबाहेरच्या एका देवळात उतरायची. भोवती भातखाचरं, खाचरांत बेडूक, हवेत नुसती वाफ. पैलवान देवळाच्या मोठ्या खोलीत चटयांवर झोपायचे, वस्ताद आणि त्यांची बायको, म्हणजे मालकीणबाई, मागच्या दोन खोल्यांत. अंगणात ताडपत्रीखाली आखाडा घडवायचा. ट्रकमधून आलेली चिकणमाती पसरायची, पाणी मारायचं, अनवाणी टाचांनी तुडवायची, धुम्मसाने ठोकायची, पुन्हा पाणी, पुन्हा ठोकणं. मग पेंढ्याच्या वळकट्यांत माती भरून त्या रिकाम्या बिअरच्या बाटल्यांनी बडवायच्या आणि गोल पुरायच्या. जमीन सारवण्यासारखंच काम, पण इथे बाईचा हात लागलेला चालत नाही, म्हणून या कामाचं कौतुक फार.

"इसोनामीदादा, धुम्मस ठेवा खाली," कोगुची म्हणाला. तालमीतला सगळ्यात नवा, अठराचा, जिभेला हाड नसलेला. "तुम्ही नुसते मधोमध उभे राहा. माती आपोआप दबेल."

पोरं खिदळली. इसोनामीही हसला. पस्तिशीच्या माणसाला असल्या विनोदावर हसता येत नसेल तर त्याने तालमीत राहू नये.

"मी उभा राहिलो तर दबेल तरी," तो म्हणाला. "तू उभा राहिलास तर मातीला पत्ता लागायचा नाही."

पंधराव्या वर्षी तो शिमाच्या किनाऱ्यावरून तालमीत आला. सुमोच्या पायऱ्या सहा. वरच्या दोन पायऱ्यांवरच्यांना पगार, रेशमी लंगोट, सेवेला माणसं. खालच्या चारांवरच्यांना जेवण, अंथरूण आणि वरच्यांची पाठ चोळायचा मान. एवढ्या वर्षांत इसोनामी एकदाच वरून तिसऱ्या पायरीवर पोचला होता. तिथे पोचलं की थंडीत कोट घालायची आणि गळ्यात मफलर गुंडाळायची मुभा मिळते. एक हिवाळा त्याने कोट मिरवला. पुढच्या हिवाळ्याआधी गुडघा फिरला आणि कोट पेटीत गेला. आता तो चौथ्या पायरीच्या अगदी काठावर होता. आणखी घसरला तर पायातल्या चामडी तळाच्या चपलाही जाणार, आणि पहिल्या दिवसासारख्या लाकडी खडावा खडखडवत रस्त्याने चालावं लागणार. हिवाळ्यातही अंगावर एकच सुती झगा. लोकांना वाटतं पैलवानाला थंडी वाजत नाही. वाजते. वाजते असं म्हणायची परवानगी नसते, एवढंच.

नागोयाला निघण्याआधी वस्तादांनी त्याला बोलावलं होतं. पंख्याने वारा घेत, त्याच्याकडे न बघता ते म्हणाले, "सात कुस्त्यांतल्या चार जिंक. जमलं तर राहा. नाही जमलं तर डोक्यावरचा बुचडा उतरव."

"वस्ताद..."

"मी काढत नाही रे तुला. तुझा गुडघा काढतोय. मी फक्त निरोप सांगतो."

इसोनामीने वाकून नमस्कार केला. पूर्ण वाकता आलं नाही, कारण गुडघा दुमडत नव्हता. एक पाय बाजूला फाकवून तो बाळंतिणीसारखा बसला होता.

त्या दिवसापासून बुचड्याखेरीज त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. रोज सकाळी तालमीचा न्हावी केसांना मेणाचं तेल चोळून तो बांधायचा, तेव्हा इसोनामी डोळे मिटून घ्यायचा. त्या तेलाचा वास रस्त्यात आला की लोक वळून बघतात, म्हाताऱ्या बायका हात लावून बघतात, दुकानदार बाकावरून उठून जागा देतो. पायरी कुठली हे कुणी विचारत नाही. बुचडा गेला की उरतो तो नुसता एक लठ्ठ माणूस. आणि लठ्ठ माणसं जगात काय कमी आहेत?

कुस्त्या सुरू झाल्या. खालच्यांच्या कुस्त्या सकाळी, रिकाम्या सभागृहात. कुठे कुणाचा बाप, कुठे डबा उघडून बसलेली म्हातारी, आणि खुर्च्या पुसणारी माणसं. इसोनामी पहाटे उठून आखाड्यात घाम गाळी, मग शहरात जाऊन लढे, परत येऊन भांड्याशी उभा राही. तालमीचा स्वयंपाक त्याच्याकडे होता. कोंबडीची हाडं उकळत ठेवायची, मुळा कापायचा, कोबीचे ढीग चिरायचे. कुस्त्यांच्या दिवसांत भांड्यात फक्त कोंबडी. ती दोन पायांवर उभी असते. गाय-डुक्कर चार पायांवर, म्हणजे हात टेकलेलीच जनावरं. खाल्लं की आपलेही हात टेकतात आणि कुस्ती जाते. गावातल्या एका शेतकऱ्याने प्रेमाने अर्धं डुक्कर आणून दिलं होतं. इसोनामीने ते पुजारीबुवांच्या फ्रिजमध्ये कोंबलं आणि दाराला दोरी बांधली.

जेवण झालं की शिराताकेची पाठ. शिराताके बावीस वर्षांचा, वरून दुसऱ्या पायरीवरचा, तालमीतला एकटा पगारदार. न्हाणीत तो स्टुलावर बसायचा आणि इसोनामी मागे गुडघा तिरका टाकून साबण चोळायचा.

"जोरात घासा की, इसोनामीसान. सध्या हात हलका लागतोय तुमचा."

"घासतो."

"आज काय झालं?"

"हरलो."

"मग आता?"

"तीन आणि तीन."

शिराताकेने पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेतली. "म्हणजे शेवटच्या कुस्तीवर आलं सगळं. बरं, उद्या माझा लंगोट उन्हात घालायला विसरू नका."

बोलला ते वाईट बोलला नाही. पोरगा मनाने वाईट नव्हता. वर असलेल्यांना खालच्याचं मरण दिसतं, पण त्यांच्या लंगोटाच्या नंतर.

दुसऱ्या दिवशी दुपारी इसोनामी ताडपत्रीखाली मुळा कापत असताना देवळाच्या फाटकातून पाठीवर टोपली बांधलेली एक बुटकी म्हातारी आली. रापलेला चेहरा, मिठाने भुरे झालेले केस, चाल अशी की रस्ता तिच्या बापाचा. ती तामिए, इसोनामीची आई. सत्तरी ओलांडली तरी समुद्राच्या तळाशी बुडी मारून शंख-शिंपले काढणारी. तिकडे हे काम बायकांचंच. बाप होडीत बसून दोर धरायचा, ती खाली जायची, दोराला झटका दिला की तो ओढून घ्यायचा. गेल्या हिवाळ्यात बाप गेला.

"योशितो," ती म्हणाली. तालमीतलं नाव तिने आयुष्यात तोंडी घेतलं नव्हतं. "वाळलास."

पोरं फिसकन हसली. एकशे चाळीस किलोचा माणूस वाळला म्हणे.

"आई, आखाड्याच्या बाजूने जाऊ नको. बाईचा पाय—"

"माहीत आहे मला. तुमच्या मातीला बाईचा पाय सोसत नाही, आणि आमच्या समुद्राला पुरुषाचा दम पुरत नाही. ज्याची त्याची नखरेल जागा." तिने टोपली उतरवली. आत ओल्या शेवाळात गुंडाळलेले शंख होते. "तुझ्या मालकीणबाईंना दे. भाजून खा म्हणावं, उकडलंत तर चामडं होतं."

संध्याकाळी ती भांड्याच्या पलीकडे उकिडवी बसली. मुळा कापायला सुरी मागून घेतली आणि त्याच्यापेक्षा भराभर कापायला लागली.

"दोर कोण धरतं आता?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. काठावरूनच उतरते, इतर म्हाताऱ्यांबरोबर. काठाला काय मिळतं? पोरं वेचतात तेवढंच." तिने सुरी थांबवली नाही. "उद्याची शेवटची ना तुझी?"

"हो."

"ऐक मग. जिंकलास तर राहा, मी तोंडातून शब्द काढणार नाही. हरलास तर घरी चल. होडी आहे, दोर आहे, माणूस नाही. मधलं काही नको मला. तुझा बाप असाच मधे लोंबकळत राहायचा, उद्या बघू, परवा बघू. त्याला मी सांभाळला. तुला नाही सांभाळणार."

"जिंकेन."

"जिंक की. मी काय हर म्हणते?"

रात्रभर गुडघा ठणकत राहिला. पहाटे त्याने तो पट्ट्यांनी असा आवळला की पोटरी काळीनिळी पडली.

समोर मिनेताका होता. एकोणीस वर्षांचा, उंच, किरकोळ, मानेला पट्टी चिकटवलेला. वसंतात आखाड्याबाहेर डोक्यावर पडला होता आणि त्यातून नुकताच उठला होता. मान वाचली हे त्याचं नशीब, असं सगळे म्हणत. आई वर मधल्या ओळींत एकटीच बसली होती, मांडीवर भाताच्या गोळ्यांचा डबा.

दोघे वाकले. सुरुवातीला दोघांनी हात जमिनीला टेकवल्याशिवाय कुस्ती सुरू होत नाही, आणि सुरू झाल्यावर टेकला की संपते. पंच ओरडला. इसोनामीची छाती मिनेताकाच्या छातीवर आदळली, उजव्या हाताला त्याचा लंगोट सापडला आणि मग सोडला नाही. पोरगं चपळ होतं, पण चपळाईला वजन लागतं. इसोनामी एकेक पाऊल सरकवत त्याला मागे रेटत गेला. कैक महिन्यांत गुडघ्याने असं ऐकलं नव्हतं. मिनेताकाच्या टाचा वळकट्यांना लागल्या. पोरगं कमरेतून मागे वाकलं, वाकलं, आणि काठावर धनुष्यासारखं ताणून उभं राहिलं. आता नुसतं अंग टाकायचं होतं.

इसोनामीने अंग टाकलं.

टाकलं तेव्हा डावा गुडघा आत वळला. आतून एक ओला आवाज आला, ओळखीचा. दोघे पडायला लागले, आणि आपल्या दोघांचं वजन त्या गुडघ्यावर येणार हे त्याला पडता पडता दिसलं. उजवा हात लंगोटातून सुटला आणि आधी जाऊन मातीवर टेकला.

मग ते दोघे धपकन खाली गेले. मिनेताका पाठीवर, इसोनामी त्याच्या शेजारी, त्याच्यावर नाही.

पंचाने विजयाचा पंखा इसोनामीकडे केला होता. पण खाली बसलेल्या निवाडा करणाऱ्यांतल्या एकाने हात वर केला. काळ्या कपड्यातले पाचही जण आखाड्यावर चढून घोळक्याने पुटपुटले. खालचा गडी सावरण्याच्या पलीकडे गेला असेल तर त्याचं अंग मेलं असं म्हणतात. मग वरच्याने त्याला चिरडू नये म्हणून हात टेकला तर तो माफ असतो, दयेचा हात म्हणतात त्याला. पण खालचं अंग जिवंत असताना टेकला तर तो नुसता टेकलेला हात.

मोठ्या निवाडेकऱ्याने माइक घेतला. "मिनेताकाचं अंग जिवंत होतं. इसोनामीचा हात आधी टेकला. मिनेताका विजयी."

रिकाम्या सभागृहात कुणीतरी "अरे अरे" म्हणालं. इसोनामी उठला, वाकला आणि पाय ओढत खाली उतरला. डोक्यात एकच विचार होता, की आज न्हावी बुचडा सोडेल तेव्हा शेवटचा सोडेल.

तो देवळात पोचला तोवर बातमी त्याच्या आधी पोचली होती, आणि तीही उलटी होऊन. सभागृहातल्या कुणीतरी फोनवर कुस्ती टिपली होती. कोगुचीच्या फोनवर ती पोरांच्या हातांतून फिरत होती.

"दादा! बघा ना, पोराची मान वाचवली तुम्ही! सगळे लिहितायत, खरा पैलवान हाच म्हणून!" मग जिभेला हाड नसल्यामुळे तो पुढे म्हणाला, "पण खरं सांगा, भांड्यात कोंबडीच होती ना?"

"कोंबडीच होती."

चार वाजता मिनेताकाचे वस्ताद स्वतः आले. गाडीतून उतरून, हातात मोठा लाल मासा, दारात गुडघे टेकून बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "त्या पोराची मान पुन्हा दुखावली असती तर तो आयुष्याला मुकला असता. आमच्या डोळ्यांदेखत तुम्ही आपली कुस्ती त्याच्यावरून ओवाळून टाकलीत. ते निवाडा करणारे आंधळे असतील, आम्ही नाही."

इसोनामी मान खाली घालून बसला होता. लोकांना वाटलं नम्रता.

ते गेल्यावर मिझुसावा वस्तादांनी सगळ्यांसमोर घसा साफ केला. "मी जे बोललो होतो ते मागे घेतो. अशा माणसाचा बुचडा मी उतरवला तर देव मला क्षमा करणार नाही. खाली घसरशील, खडावा घालाव्या लागतील. पण राहा."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मालकीणबाईंनी डोळे पुसले आणि तामिएला म्हणाल्या, "असा मुलगा जन्माला घातलात. तुम्ही आता दोन दिवस जायचंच नाही."

तामिए माशाकडे बघत होती. "मासा चांगला आहे," ती म्हणाली. "संध्याकाळच्या आत कापला नाही तर वाया जाईल."

तिने तो स्वतःच कापायला घेतला. नळाजवळ, अंगणाच्या टोकाला. इसोनामी खवले धुवायला शेजारी गेला. मागे खाचरांत बेडकांनी सूर लावला होता.

"काही बोलली नाहीस," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"सगळे बोलतायत."

तिने माशाच्या पोटात सुरी घातली. "मी पाण्यात असते ना, खाली. शिंपला दिसत असतो, हातभर लांब. डोकं म्हणतं, अजून जरा. आणि हात जाऊन दोराला झटका देतो. मी दिलेला नसतो, हातच देतो. भीती हातात राहते, योशितो. डोक्याला नंतर कळतं." तिने आतडी काढून बाजूला टाकली. "त्या पोराला वाचवायला नाही गेला तुझा हात."

नळ वाहत होता. त्याने तो बंद केला.

"गुडघा तुटला असता," तो म्हणाला.

"तुटला असता. मग? भ्यालास यात काय पाप आहे? मी पन्नास वर्षं भितेच आहे. पण माझ्या भीतीला कुणी फुलं वाहिली नाहीत, आणि वाहिली असती तर मी त्यांच्या तोंडावर फेकली असती."

"त्यांनी राहा म्हटलं आई. मी मागितलं नव्हतं."

"मागितलं नव्हतंस. घेतलंस."

सकाळी पुजारीबुवांनी प्रार्थनेनंतर गावकऱ्यांना इसोनामीची गोष्ट सांगितली. करुणेचा हात म्हणाले, बुद्धाच्या हाताशी तुलना केली. इसोनामी मागे चहाचे पेले मांडत होता. एका आजीबाईने त्याचा उजवा पंजा हातात घेऊन कपाळाला लावला. पंजाला कांद्याचा वास येत होता.

मग वस्तादांनी पोरांना आखाड्यात गोळा केलं. "काल याने केलं ते सगळ्यांनी शिकायचं. जिंकताना समोरच्याला कसं जपायचं. इसोनामी, दाखव. कोगुची, तू काठावर."

कोगुची वळकट्यांवर जाऊन मागे वाकला. इसोनामीने त्याचा लंगोट धरला, रेटलं आणि अंग टाकलं.

हात टेकला.

"जरा लवकर झाला," वस्ताद म्हणाले. "कोगुची अजून उभाच आहे. पुन्हा."

पुन्हा. हात पुन्हा आधी. कोगुचीचे दोन्ही पाय अजून भक्कम होते आणि इसोनामी त्याच्यापुढे एका हातावर ओणवा, शेण गोळा करायला वाकलेल्या बाईसारखा.

"पुन्हा."

या वेळी त्याने ठरवलं, हात सुटू द्यायचा नाही. बोटं लंगोटात पांढरी होईपर्यंत रुतवली. दात आवळले. रेटलं. काठ आला, गुडघ्यावर वजन आलं, आणि बोटं आपोआप उघडली. पंजा मातीवर. कोगुची उभाच.

कुणी हसलं नाही. कोगुचीसुद्धा हसला नाही, त्यानेच नजर दुसरीकडे वळवली. झाडांवर रातकिड्यांसारखे उन्हाळी किडे किरकिरत होते, तेवढाच आवाज. शिराताके सरावाच्या खांबाला थपडा मारत होता, तोही थांबला.

"बस," वस्ताद म्हणाले. "खांबाला लागा सगळे."

दुपारी जेवणानंतर इसोनामी वस्तादांच्या खोलीत गेला. मालकीणबाई बाजारात गेल्या होत्या. तो पाय फाकवून बसला. कपाळ चटईला लावायचा प्रयत्न केला, लागलं नाही.

"वस्ताद, तो हात त्या पोरासाठी नव्हता. मी गुडघ्याला भ्यालो."

वस्ताद दात कोरत होते. "माहीत आहे."

"सकाळी कळलं तुम्हाला."

"सकाळी? लेका, चाळीस वर्षं मी हात बघतोय. काल फोनवर बघितलं तेव्हाच कळलं. निवाडा करणाऱ्यांनाही कळलं होतं, म्हणून तर तुला हरवलं."

इसोनामीने मान वर केली. "मग मला राहा का म्हणालात?"

वस्तादांनी काडी बाहेर टाकली. अंगणात कुणी पोरगं झाडू मारत होतं, त्याचा खरखर आवाज आत येत होता.

"आज सकाळी देवळात किती माणसं आली बघितलीस? एरवी चार म्हाताऱ्या येतात. दोन बाप माझ्याशी बोलून गेले, घरी दांडगी पोरं आहेत म्हणाले, उद्या घेऊन येतो. गेल्या तीन वर्षांत कोगुचीशिवाय एक पोर आलेलं नाही माझ्याकडे. आईबाप घाबरतात. पोराची मान मोडेल, वरची पोरं मारतील. त्यांना काय हवं असतं? तालमीत एक तरी माणूस असा हवा, जो पोराची मान जपतो." त्यांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "तो माणूस आता तू आहेस. कुस्ती लढ नको लढ. स्वयंपाक कर, पोरांना तो हात दाखव. बुचडा राहील."

"पण हात लवकर पडतो, वस्ताद. सकाळी सगळ्यांनी बघितलं."

"मग काय झालं? सराव कर. हात टेकायचं शिकायला काय लागतं?"

इसोनामी उठला. उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला. संध्याकाळी तो आईच्या शेजारी भांडं ढवळत बसला. तिने एकदा भांड्यातलं चाखलं आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

जेवण झाल्यावर, पोरं अंघोळीला गेल्यावर, त्याने कोगुचीला आखाड्यात बोलावलं.

"दादा, आता?"

"ये. काठावर उभा राहा. मी म्हणेन तेव्हाच पाय सोड. 'हं' म्हटलं की सोडायचे, आधी नाही."

कोगुची दोन वेळा चुकला. तिसऱ्यांदा जमलं. 'हं' म्हटलं की पोरगं मागे पडायचं, आणि ते पडायला लागलं की इसोनामी वजन उजव्या पायावर घेऊन, डावा गुडघा जरासा बाहेर काढून, अलगद पंजा टेकवायचा. वजन त्या गुडघ्यावर येतच नव्हतं. येणार नाही हे कळल्यावर बोटंही शहाणी झाली, सांगितल्याशिवाय सुटेनात.

"हे खोटं आहे दादा," कोगुची मातीत पडल्या पडल्या म्हणाला. या वेळी चेष्टेने म्हणाला नाही.

"ऊठ. पुन्हा."

सकाळी तामिए पहिल्या बसने निघाली. त्याने चामडी तळाच्या चपला घातल्या आणि तिला फाटकापर्यंत सोडायला गेला. पाय ओढत होता. तिने रिकामी टोपली पाठीवर बांधली, डोक्याच्या रुमालाची गाठ घट्ट केली.

"दोराला बघेन मी कुणीतरी," ती म्हणाली. "शेजारचा तोमोझो म्हातारा आहे. डोळ्याने अधू आहे, पण झटका बसला की ओढतो."

"नोव्हेंबरात येईन घरी. चार दिवस."

"ये. पाहुण्याला भात असतो आमच्याकडे." बस लांबून दिसली. तिने त्याच्या बुचड्याकडे बघितलं, पायांकडे बघितलं, हातांकडे बघितलं नाही. "जा. तुझी माणसं वाट बघत असतील."

माणसं खरोखरच वाट बघत होती. रविवार होता. देवळाच्या पायऱ्यांवर सगळं गाव जमलं होतं, कलिंगडं आणली होती, दोन बाप आपापल्या दांडग्या पोरांना पुढे करून उभे होते. पुजारीबुवा मधोमध खुर्चीवर. वस्तादांनी पंखा हलवून खूण केली.

कोगुची काठावर जाऊन मागे वाकला. इसोनामीने त्याचा लंगोट धरला, पाऊल पाऊल रेटलं, काठावर आणलं आणि ओठ न हलवता 'हं' म्हटलं. कोगुचीचे पाय सुटले. दोघे एकत्र कलले, आणि पोराची पाठ मातीला लागायच्या वीतभर आधी इसोनामीचा पंजा खाली गेला आणि अलगद, नीट, बोटं जुळवून टेकला.

बायकांच्या तोंडातून हुंकार निघाला. एका बापाने आपल्या पोराच्या पाठीवर हात ठेवला.

"बघितलंत?" वस्ताद लोकांना म्हणाले, आणि मग इसोनामीकडे वळून, "शाब्बास. पुन्हा एकदा दाखव. मागच्यांना दिसलं नाही."